बुटकी गाडी आणि लोंबणारी केबल

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला मागून बसलेली गाडी दिसली, की ऊस जास्त भरलाय एवढंच सुचतं. इथे टेक्सासात रिकामी गाडी मुद्दाम बसवतात, आणि आता त्यातली एक माझ्या दारात आहे: १९९५ ची शेवरले सी-१५०० पिकअप, पुढून ४ इंच आणि मागून ६ इंच खाली. आधीच्या मालकाने मागचा अॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खालून काढून वर बसवला, आणि त्याला वर यायला जागा म्हणून चॅसीला खालच्या बाजूने खाच पाडली. वेल्डिंग सुरेख. ब्रेकच्या नळ्यांकडे मात्र ढुंकूनही बघितलेलं नाही.

खाली सरपटत गेले तर हँडब्रेकची केबल मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या अगदी कडेला लोंबत होती. वरचं प्लॅस्टिक घासून गेलेलं, आतली तार चकचकीत. जुन्या गाडीखाली सगळं काळपट असतं. तिथे एखादी जागा चमकली तर काहीतरी घासतंय हे नक्की.

कारण सरळ आहे. होज (ब्रेकची लवचिक रबरी नळी) आणि केबल कंपनीने मूळ उंचीच्या हिशेबाने कापलेली असते. अॅक्सल चॅसीच्या जवळ आला की तेवढीच लांबी जास्त होते आणि तो झोळ सायलेन्सरच्या पाइपवर नाहीतर शॉकअपवर टेकतो. मग लोक आखूड होज घालतात, आणि ते जास्त वाईट. गाडी चॅसीखाली जॅक लावून उचलली की अॅक्सल खाली लटकतो आणि होज ताणली जाते. होज पुरेशी लांबच ठेवायची, चॅसीवरचा ब्रॅकेट सरकवायचा. होजवर लांबीने रेघ असते. ती पिळलेली दिसली तर सोडवून पुन्हा बसवायची.

तपासणी उभ्या गाडीवर करून उपयोग नाही. चॅसी स्टँडवर ठेवून अॅक्सल आधी पूर्ण खाली सोडा, मग जॅकने बंप स्टॉपला, म्हणजे अॅक्सलला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर न्या. पुढे हेच, शिवाय स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. रुंद चाकं होजला घासतात ती पूर्ण वळणावरच. संशय येईल तिथे मी जुनं नेलपेंट लावते, गाडी चालवून आणते आणि पुन्हा बघते. रंग उडाला की जागा सापडली.

खाचेजवळून जाणारी लोखंडी नळी मी नव्याने वळवून घेतली. नळी स्टीलची किंवा निकेल मिसळलेल्या तांब्याची हवी. साधं तांबं चालत नाही. टोकं डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेली. धरायला रबर लावलेल्या लोखंडी क्लिपा. प्लॅस्टिकचे टाय सायलेन्सरजवळ मऊ पडतात. नळीवर गुंडाळायचं स्पायरल कव्हर मला आवडत नाही: आत वाळू अडकते, आणि घासलेलं दिसतच नाही. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

केबलला चॅसीवर एक जादा आधार दिला आणि अॅक्सल वर-खाली करताना चाक हाताने फिरवून बघितलं. ब्रेक सोडलेला असताना ते कुठल्याच उंचीला जड व्हायला नको.

जुन्या टोयोटा पिकअपवाल्यांनी आणखी एक बघावं. तिथे काही मॉडेलांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने अॅक्सलला जोडलेला असतो. गाडी खाली केली की त्याला वाटतं माल भरलाय, तो मागे जास्त दाब सोडतो, आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात. त्या दांडीची जागा बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.