पारा, प्लॅटिनम आणि मध्ये लुडबुडणारा अमोनिया

प्रोटीन शुद्ध कसं केलं आणि क्रिस्टल कसे मिळाले, यावर मी इथे काही लिहिणार नाही. ते झालं, नेहमीची कटकट होऊन झालं. माझं डोकं फिरवलं ते पुढच्या टप्प्याने, म्हणजे तयार क्रिस्टल जड अणूंच्या द्रावणात भिजत घालण्याने. तसं पाहिलं तर यात करायचं काय असतं? क्रिस्टल असलेल्या थेंबात द्रावण सोडायचं, कव्हरस्लिप (पातळ काच) पुन्हा ग्रीसवर दाबून बसवायची आणि वाट बघायची. त्या वाट बघण्यानेच माझा जीव खाल्ला.

हा उद्योग का करावा लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. क्रिस्टलवर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मिळते, पण फेज (लहरीचा टप्पा) मिळत नाही, आणि फेजशिवाय इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, म्हणजेच प्रोटीनची रचना, काढता येत नाही. मॅक्स पेरुट्झ यांनी 1953 मध्ये हिमोग्लोबिनच्या क्रिस्टलमध्ये पाऱ्याचे अणू बसवले आणि त्यामुळे तीव्रतेत पडणाऱ्या फरकावरून फेजपर्यंत पोचता येतं हे दाखवलं. आता बऱ्याच जणांचं काम संगणकाने वर्तवलेल्या मॉडेलवर भागतं. माझं भागलं नाही. फेज मिळवायचा दुसरा मार्ग म्हणून सेलेनोमेथिओनाइन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) घातलेलं प्रोटीन तयार झालं, पण त्याने क्रिस्टल द्यायचं नाव काढलं नाही. मग जुनीच वाट धरावी लागली.

लॅबमध्ये हातोहात चालत आलेली एक कृती होती: पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेट 1 मिलिमोलर, रात्रभर. नाहीच जमलं तर मर्क्युरिक क्लोराइड. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघावं तर क्रिस्टल ठणठणीत. कडा धारदार, एकही तडा नाही. डेटाही छान, युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) जशीच्या तशी. आणि ॲनॉमलस सिग्नल (जड अणू आत बसल्याची तीव्रतेतली खूण) शून्य. इतकं सगळं सुरळीत दिसतंय म्हणजे आत काही शिरलेलंच नाही, हे मला तेव्हाच खटकायला लागलं होतं. जड अणू बसले की क्रिस्टलला थोडा तरी त्रास होतो. अजिबात त्रास न झालेल्या क्रिस्टलकडे मी आता संशयानेच बघते.

विचारावं तर सगळ्यांचं उत्तर एकच: "कॉन्सन्ट्रेशन वाढव." वाढवलं की क्रिस्टल विरघळायचे. मग "वेळ वाढव." वेळ वाढवला तरी काही नाही. थेंबात आणखी काय काय आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

थेंबात होतं 2 मोलर अमोनियम सल्फेट, pH 7.5. हिशोब कागदावर मांडला तेव्हा राग आला, कारण तो चार ओळींचा आहे. 2 मोलर अमोनियम सल्फेट म्हणजे 4 मोलर अमोनियम. त्याचा पीकेए (ज्या pH ला निम्म्या अमोनियमचा अमोनिया होतो) साधारण 9.25, म्हणून pH 7.5 ला त्यातला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास भाग मोकळा अमोनिया. म्हणजे जवळजवळ 70 मिलिमोलर. आणि मी घालत होते 1 मिलिमोलर प्लॅटिनम. प्लॅटिनम काय, पारा काय, दोघांनाही अमोनिया प्रिय. प्रोटीनमधल्या हिस्टिडाइनपर्यंत (धातू धरणाऱ्या अमिनो आम्लापर्यंत) पोचायच्या आत त्यांना अमोनियाने गाठलेलं असायचं. वर शुद्धीकरणातलं डीटीटी (गंधक असलेलं रसायन) शिल्लक असेल तर पारा त्याच्या गंधकालाच चिकटून बसतो, प्रोटीनमधल्या सिस्टीनच्या (गंधक असलेल्या अमिनो आम्लाच्या) वाट्याला काही येत नाही.

pH खाली आणला तर अमोनिया कमी होतो, हे खरं. पण 6 च्या खाली गेलं की हिस्टिडाइनवरही प्रोटॉन बसायला लागतो आणि धातू धरायला तो मोकळा राहत नाही. शिवाय माझे क्रिस्टल त्या pH ला टिकतच नव्हते. राहिला एकच उपाय: क्रिस्टल अमोनियम सल्फेटमधून लिथियम सल्फेटमध्ये हलवायचे.

यात माझी खरी परीक्षा झाली. क्रिस्टल लूपने (बारीक वेटोळ्याने) उचलून थेट नव्या द्रावणात सोडला की लांबट बाजूला समांतर अशी बारीक रेष उमटायची, तिला फाटे फुटायचे आणि बघता बघता तो धुरकट व्हायचा. शेवटी जमलं ते असं: क्रिस्टल जिथे वाढला त्याच थेंबात राहू द्यायचा. थेंबाच्या कडेने लिथियम सल्फेटचं द्रावण अगदी थोडं सोडायचं, तेवढंच द्रव दुसऱ्या बाजूने काढून घ्यायचं, कव्हरस्लिप झाकून थांबायचं, आणि पुन्हा. नव्या द्रावणातलं मीठ आधीपेक्षा किंचित जास्तच ठेवायचं, नाहीतर क्रिस्टल विरघळायला लागतो. बारीक तडा दिसला म्हणून लगेच फेकू नका. काही तडे थोड्या वेळाने आपोआप बुजतात. मी टाकून द्यायच्या बेतात असलेल्या एका क्रिस्टलनेच पुढे सगळ्यात चांगला डेटा दिला.

यानंतर तेच प्लॅटिनम, तेच 1 मिलिमोलर, आणि रात्रभरसुद्धा नाही, काही तासच. क्रिस्टलवर भोवतालच्या द्रवापेक्षा गडद अशी पिवळसर छटा चढली. त्या छटेकडे मी किती वेळ बघत बसले असेन कोण जाणे.

हो, एक राहिलंच. प्लॅटिनमचं द्रावण ताजं करा. पाण्यात ठेवून ठेवून त्यातले क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं, आणि मग आपण नेमकं काय घालतोय तेच कळत नाही. सल्फेट असलेल्या थेंबात शिसं घालायच्या भानगडीत पडू नका, लेड सल्फेटचा पांढरा साका बसेल. फॉस्फेट असेल तर युरेनिल (युरेनियमचा आयन) आणि लँथनाइड या जड धातूंचं तेच.

सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) फ्लुओरेसन्स स्कॅनमध्ये 11.56 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला प्लॅटिनमची उडी (सिग्नलमधली एकदम वाढ) दिसली म्हणजे जिंकलो, असं अजिबात नाही. क्रिस्टलभोवतीच्या द्रवात तरंगणारं मोकळं प्लॅटिनमही तशीच उडी दाखवतं. जुन्या कृतीच्या वेळीही ती दिसलीच होती. म्हणून गोठवण्याआधी क्रिस्टल काही मिनिटं धातू नसलेल्या द्रावणात धुवून घ्या. धुतल्यावरही उडी टिकली तर ती खरी.

त्यापुढचं भराभर झालं. प्रोग्रॅमने प्लॅटिनमच्या जागा शोधल्या, ठळक जागा हिस्टिडाइनपाशी होत्या, आणि नकाशात हेलिक्स (प्रोटीनच्या साखळीचे पिळे) स्पष्ट दिसायला लागले. ॲनॉमलस सिग्नल पुरेसा होता, त्यामुळे एकाच क्रिस्टलवर काम भागलं. तो कमी पडून नेटिव्हशी (जड अणू नसलेल्या क्रिस्टलशी) तुलना करायची वेळ आलीच, तर नेटिव्ह डेटाही लिथियम सल्फेटमध्ये हलवलेल्या क्रिस्टलचाच घ्या. क्रिक आणि मॅग्डॉफ यांनी 1956 मध्येच हिशोब मांडून ठेवलाय: युनिट सेलच्या बाजू अर्ध्या टक्क्याने बदलल्या तरी 3 आँगस्ट्रॉमच्या बारकाईच्या डेटात तीव्रता सरासरी 15 टक्क्यांनी हलतात. मीठ बदलल्याने माझी सेल जराशी आकसली होती, आणि अमोनियम सल्फेटमधला जुना नेटिव्ह, दिसायला कितीही देखणा असला तरी, या तुलनेत कुचकामीच ठरला असता.