पोहोच प्रतीवरचा शिक्का

गंगापूर रोडकडे वळताना आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर पावसाळी गटाराचे एक चेंबर कित्येक महिने उघडे होते. कोणीतरी त्यात कडुलिंबाची फांदी खोचून तिला लाल चिंधी बांधली होती. आम्ही लेखी तक्रार दिली. जांभळा शिक्का आणि आवक क्रमांक असलेली तिची पोहोच प्रत अजून माझ्याकडे आहे. झाकण बसले ते दिवाळीनंतर. सुदैवाने त्यात कोणी पडले नाही. परंतु पडून कोणी दगावले असते, तर गुन्हा कोणावर आणि कोणत्या कलमाखाली नोंदवला गेला असता, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ प्रमाणे हयगयीने घडलेल्या मृत्यूला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत वाढवली. वैद्यकीय उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र दोनच वर्षे ठेवली. शिक्षा वाढली हे योग्यच झाले. तरी माझ्या मते सगळे अडते ते जाणिवेपाशी. आपल्या वागण्याने कोणाचा जीव जाण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही माणूस तसाच वागला, तर तो सदोष मनुष्यवध ठरतो आणि कैद दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ही जाणीव न्यायालयात टिकवणे किती कठीण, हे भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्याने दाखवले: १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप ३०४-अ वर आणला आणि हजारो मृत्यूंनंतर २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची.

आपल्या नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. गुन्हा याच ३०४-अ खाली, अज्ञात व्यक्तींविरुद्ध नोंदवला गेला. ‘अज्ञात’ हा शब्द मला आजही सहन होत नाही. टाकी असो, लिफ्ट असो वा चेंबर, त्याच्या देखभालीला जबाबदार असलेल्या माणसाचे नाव, हुद्दा आणि शेवटच्या तपासणीची तारीख तिथेच फलकावर लिहिलेली असावी, म्हणजे तपास त्या नावापासून सुरू होईल आणि त्याला काय ठाऊक होते हे कागदावरूनच विचारता येईल. या मागणीचा अर्ज मी सोमवारी देणार आहे, सोबत त्या पोहोच प्रतीची झेरॉक्स जोडून.