विंगेतली जागा

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, सुरू होतो आणि होळीच्या आसपास ओसरतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखात दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरतो आणि रात्री त्याच गावात नाटक उभे राहते. दहाच्या पुढे उघडलेला पडदा कित्येकदा तांबडे फुटल्यावरच पडतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, तिथूनच बहुतेक प्रयोग ठरतात. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे ज्याने आयुष्यात एकदाच तोंडाला रंग लावला होता, तोही आठवडाभर ताठ मानेने फिरत होता.

या पसाऱ्यात माझी जागा विंगेत आहे. मी प्रॉम्प्टर आहे. दिवसा धानाची शेती करतो आणि हंगामात रात्री वही घेऊन पडद्याआड बसतो. आमच्याकडे रोज नवे गाव आणि अनेकदा नवे नाटक असते. बाहेरून आलेली नटी ज्याची पत्नी म्हणून अडीच-तीन तास रडणार असते, त्या नटाला ती त्याच संध्याकाळी पहिल्यांदा भेटते. सलग तालमींना वेळ मिळत नाही, म्हणून सगळा भार वहीवर आणि वही वाचणाऱ्यावर येतो. कोणाला वाक्याचा पहिला शब्द पुरतो, कोणाला पूर्ण वाक्य द्यावे लागते, आणि कोणी शब्द ऐकूनही स्वतःचेच काहीतरी म्हणतो, हे ओळखावे लागते. समोरच्याचे वाक्य संपत आले, पण संपलेले नाही, एवढ्या फटीत पुढचा शब्द टाकायचा असतो. लोक हसले तर थांबायचे, गाण्याला वन्स मोअर आला तर बोट पानावर ठेवून वाट पाहायची. रंगमंचावर टांगलेला माइक आपला आवाज उचलणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. पोस्टरवर माझे नाव सर्वांत खाली असते, कधी नसतेही. त्याचे मला वाईट वाटत नाही, असे म्हणणे खोटे होईल. पण फार वेळ वाटत नाही, हे मात्र खरे.

हे काम मला कोणी शिकवले, असे विचारले तर मी आजीचे नाव सांगतो. आत्याच्या गावची मंडई आमच्या घरी सणासारखी पाळली जाई. हलके धान कापून झालेले, भारी धान अजून बांध्यांत उभे, अशा दिवसांत बाबा बैलांची रेंगी जुंपत आणि आम्ही सारे निघत असू. आत्याकडे पाहुण्यांनी घर भरलेले असे, चुलीवर वडे तळणे चालू असे, आणि कोणाच्या ना कोणाच्या पोरीच्या सोयरिकीची बोलणीही तिथेच होत. रात्री मांडवात तणस पसरून आम्ही जागा धरायचो. बाबा दुसऱ्या अंकाआधी हमखास झोपत आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर शेवटच्या अंकातील अभिनयावर सर्वांत अधिकाराने बोलत.

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला संवाद ऐकू येत, पण कोण आले, कोण गेले, हे दिसत नसे. ती माझा दंड धरून बसे आणि विचारी, “का करून रायली रे बाबू ते?” मग मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगे की खलनायक मागून आला आहे, हातात सुरा आहे, नटीने हिरवे लुगडे नेसले आहे. मात्र संवाद चालू असताना बोललो तर आजूबाजूचे लोक खेकसत, आणि आजीचेही वाक्य हुके. तीसुद्धा दंडाला चिमटा काढी. त्यामुळे दोन वाक्यांमधली जागा शोधून, मोजक्या शब्दांत, तिच्यापुरत्याच आवाजात सांगण्याची सवय जडली. सुरा दिसला की आधी सुरा सांगायचा, लुगडे नंतर, हा विवेकही तिथेच आला. आज विंगेत बसून मी करतो ते याहून फारसे वेगळे नाही. फक्त तेव्हा रंगमंचावरचे मांडवात पोहोचवत होतो, आता वहीतले रंगमंचावर पोहोचवतो.

आजीचे ऋण मान्य करताना मला पत्नीचे नाव मागे ठेवता येत नाही. हंगामात मी सकाळी घरी येऊन झोपतो, तेव्हा धानाच्या चुरणीचे मजूर तीच पाहते आणि पोत्यांचा हिशेबही तीच ठेवते. माणसाला आवडीचे काम सापडले की त्याचे कौतुक होते. ते काम निभावे म्हणून घरात दुसऱ्या कोणी काय उचलले, हे सहसा कोणी विचारत नाही.

अलीकडे मुलगी माझी वही मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे कुठे दम घ्यायचा, त्या खुणा मला पेन्सिलीने करता येतात. मागच्या हंगामात तिने तिसऱ्या अंकातल्या बापाच्या लांबलचक भाषणावर काट मारली आणि म्हणाली, “इतका तर कोनी मरताना बोलत नाही, बाबा.” मी ती काट तशीच ठेवली. त्या नटाला मी देतो तेवढेच तो म्हणतो, आणि दिग्दर्शकाला अजून पत्ता नाही.