टाचणीवरची पाच मिनिटं

अँथ्रोपॉसॉफी म्हणजे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी मांडलेली अध्यात्माची विचारपद्धती. तिचा अभ्यास करायचा म्हटलं की बरेच जण थेट कर्म, पुनर्जन्म, सूक्ष्म देह यांवरची त्यांची व्याख्यानं उघडतात. मला ही घाई वाटते. स्टायनर अँथ्रोपॉसॉफीला आध्यात्मिक विज्ञान म्हणतात. मुख्य प्रवाहातले वैज्ञानिक ते मान्य करत नाहीत, हे माहीत असू द्यावं. पण स्टायनर यांचा आग्रह श्रद्धेचा नाही, विचार घासूनपुसून घेण्याचा आहे. माल तोलण्याआधी काटा शून्यावर आणावा लागतो, तसंच हे.

म्हणून सुरुवात त्यांच्या १९१० च्या ‘गूढविज्ञानाची रूपरेषा’ या ग्रंथात दिलेल्या पूरक अभ्यासांपासून करावी. पहिला अभ्यास विचारांवर ताबा मिळवण्याचा. टाचणी किंवा पेन्सिल घ्यायची आणि रोज निदान पाच मिनिटं फक्त तिचाच विचार करायचा. तार कशाची? डोकं कशासाठी? बोटाला टोचू नये आणि टाचणी कापडातून आरपार जाऊ नये म्हणून. वर मुलामा का? गंजून डाग पडू नयेत म्हणून. प्रत्येक विचार आधीच्या विचारातून निघाला पाहिजे. हे त्राटक नव्हे. त्राटकात नजर एका जागी ठरते, इथे विचार चालता राहतो, फक्त रस्ता आपण ठरवतो.

मन घसरतं ते असं: टाचणी, शिंपी, शिंप्याकडे राहिलेला ब्लाउज, दिवाळी. लक्षात आलं की चिडू नये. दिवाळीवरून ब्लाउज, ब्लाउजवरून शिंपी असं एकेक पायरी मागे येत टाचणीपाशी पोचावं. ओम किंवा गणपतीची मूर्ती घेऊ नये. तिथे भक्तीच मनाला धरून ठेवते, आपली ताकद लागत नाही. कंटाळवाणी वस्तू मुद्दामच निवडायची. आठवडाभराने तीच वाक्यं पाठ म्हटल्यासारखी यायला लागली, तर वस्तू बदलावी.

महिनाभराने दुसरा अभ्यास जोडायचा, पहिला न सोडता: ठरल्या वेळी एक बिनमहत्त्वाची कृती, जशी रोज साडेचारला कुंडीला पाणी घालणं. मोबाइलचा गजर लावू नये, आठवण आपलीच हवी. पुढे भावनांचा समतोल, वाईटातही चांगलं दिसणं, नव्याला मोकळं मन, आणि शेवटी या सगळ्यांचा मेळ.

याशिवाय रात्री झोपण्यापूर्वी दिवस उलटा पाहायचा: आधी जेवण, मग संध्याकाळ, मग दुपार. घटना ज्या क्रमाने घडल्या त्या ओघात विचार आपोआप वाहतो. उलटं जाताना तो आपल्याला ओढावा लागतो, फायदा त्यातच आहे. स्वतःकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहायचं. इथे बहुतेकांचं पश्चात्तापाचं कीर्तन सुरू होतं, नाहीतर दुपार यायच्या आत झोप लागते. दहा मिनिटांत दिवस मावत नसेल तर एकच तुकडा घ्यावा: सकाळी उतरलेला जिना, शेवटच्या पायरीपासून वर, पाठमोरं, एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत.