रिळावर ब्रेडेड लाइन भरताना आलेला माझा अनुभव

गेल्या हिवाळ्यात, जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या जलाशयाकाठी मच्छीमार सोसायटीची परवानगी घेऊन बसलो असताना, माझ्या गळाला लागलेली मोठी मरळ मी केवळ रीळ चुकीचे भरल्यामुळे गमावली. ड्रॅग (ताण आल्यावर लाइन किती सहज सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक) पूर्ण आवळलेला होता, स्पूल (लाइन गुंडाळायची रिळाची चकरी) जागचे हलत नव्हते, आणि तरीही लाइन बाहेर जातच होती. परभणीला परतल्यावर स्पूल काढून अंगठ्याने रेटून पाहिले, तेव्हा लाइनचा सबंध गठ्ठा धातूवर बांगडीसारखा फिरला.

ब्रेडेड लाइन पॉलिथिलीनच्या अत्यंत बळकट तंतूंची विणलेली असते. ती जवळजवळ ताणली जात नाही आणि गुळगुळीत असल्यामुळे उघड्या स्पूलला पकड धरत नाही. नायलॉनची तंगूस मात्र ताणून गुंडाळली की आवळून बसते, म्हणून तळाशी तिचे बॅकिंग, म्हणजे ब्रेडेडखालचा थर, द्यायचे. शिवाय महागड्या ब्रेडेड लाइनने स्पूलचा तळ भरण्याचा खर्चही वाचतो.

बॅकिंग किती घ्यावे, हाच खरा पेच होता. लांबीला जाडीच्या वर्गाने गुणले की लाइनने व्यापलेल्या जागेचे तुलनात्मक माप मिळते. माझ्या रिळावर 0.30 मि.मी. जाडीची 200 मीटर लाइन मावते असे छापलेले आहे, म्हणजे माप 18; त्यातले 0.20 मि.मी.च्या 150 मीटर ब्रेडेड लाइनला 6 लागतात. उरलेल्या 12 मध्ये 0.40 मि.मी.ची तंगूस 75 मीटर बसते. वेष्टनावरील जाडी नेहमी अचूक नसल्याने हा आकडा अंदाजाचाच धरावा.

तंगूस स्पूलला सरकगाठीने बांधून मी भरू लागलो. तंगूसची गुंडी (ती विकत मिळते ती गुंडाळी) जमिनीवर आडवी ठेवली होती. काही फेऱ्यांनंतर लाइन सैल सोडताच तिला पीळ पडलेला दिसला, म्हणून गुंडी पालथी केली आणि पीळ थांबला. तंगूस आणि ब्रेडेड जोडण्यासाठी दोन्हींची टोके समोरासमोर ठेवून दुहेरी युनी गाठ घातली: तंगूसला पाच वेढे, ब्रेडेडला आठ, कारण ब्रेडेड कमी वेढ्यांत निसटते. आवळण्यापूर्वी गाठ ओली केली, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापून तंगूस कमकुवत करते.

ब्रेडेड लाइन भरायला भाच्याला ढाळजेत बसवले. त्याने ओल्या फडक्यात लाइन चिमटीत धरायची आणि मी मूठ फिरवायची, असे ठरले. पहिल्या खेपेस त्याची चिमट सैल राहिली. सैल भरलेल्या ब्रेडेडचे वरचे वेढे ताण येताच खालच्या वेढ्यांत रुततात आणि पुढच्या फेकीला लाइन अडकते, म्हणून सगळी उलगडून पुन्हा भरली. दुसऱ्यांदा त्याने इतकी नेटाने धरली की फडक्यावर लाइनच्या रेघा उमटल्या. स्पूलच्या कडेपासून सुमारे दोन मिलिमीटर जागा सोडून थांबलो. काठोकाठ भरले तर फेकताना वेढे एकदम सुटून गुंता होतो, आणि फार कमी भरले तर गळ दूर जात नाही.

संध्याकाळी परसातल्या बाभळीला टोक बांधले, ड्रॅग आवळला आणि मागे सरकत काठी उचलली. काठी वाकत गेली, पण या वेळी लाइनचा गठ्ठा स्पूलवर तसूभरही फिरला नाही.