रंधा मशीन घेण्याआधी भुशाचा हिशेब

पुण्यात जुन्या वाड्यांचं सागवान अजून मिळतं. वाडा पाडला की तुळया, वासे, कडीपाटाच्या फळ्या, चौकटी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे येतात आणि घनफुटाच्या भावानं विकल्या जातात. नव्या लाकडापेक्षा मला हेच आवडतं. कधीच वाळून निवांत झालेलं, रंग मुरलेला. पण सॉ मिलमधून चिरून आणलं की फळी एका टोकाला सव्वा इंच, दुसऱ्या टोकाला इंच, मध्ये बाक आणि वर थोडा पीळ. हातरंध्यानं अशी एक फळी सरळ करण्यात मजा आहे. अख्ख्या पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या सरळ करण्यात ती मजा टिकत नाही. म्हणून मशीन घ्यायचं ठरलं.

माझ्याकडे घराशेजारी पत्र्याची शेड आहे, दहा फूट बाय चौदा फूट. निम्मी जागा कामाच्या टेबलानं आणि लाकडाच्या थप्पीनं खाल्लेली.

चौकशीला निघालो तेव्हा दुकानात बहुतेक जण ‘प्लेनर’ या एकाच नावाखाली दोन वेगळी मशीनं दाखवत होते. सरफेस प्लेनर, ज्याला सुतार साधं रंधा मशीन म्हणतात, तो फळीचं एक तोंड सपाट करतो आणि मग त्या तोंडाशी एक कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणून देतो. थिकनेसर त्याच्या पुढचं काम करतो. सपाट तोंड खाली ठेवलं की वरचं तोंड त्याला समांतर करून हव्या त्या जाडीची फळी देतो. वाकडी फळी थेट थिकनेसरमध्ये घातली तर रोलर तिला दाबून तेवढ्यापुरती सपाट करतात, पाती वरून तासते आणि पलीकडे बाहेर पडली की फळी पुन्हा आपल्या मूळ बाकावर जाते. हाती येते ती पातळ झालेली वाकडी फळी. फळीवर पट्टी धरून समजावून सांगितलं तरी एका विक्रेत्याला हे पटेना. ‘साहेब, यात घाला, सगळं प्लेन होतं’, हेच त्याचं पालुपद.

ओळखीच्या सुतारकाकांच्या कारखान्यात ओतीव लोखंडाचं देशी रंधा मशीन आहे. लांब टेबल, पट्ट्यावर चालणारी मोटर, बाजूला गोल करवत जोडलेली.

‘दादा, हे घ्या नि विसरून जा. माझ्या मुलाच्या वयाचं आहे.’

‘आणि भुसा?’

‘भुसा काय, पडतो खाली. संध्याकाळी घमेल्यानं भरायचा.’

काका नाकाला हातरुमाल बांधून काम करतात. पात्यांवर झाकण नाही, ते कधीच काढून कोपऱ्यात ठेवलेलं. मशीन मात्र खरोखर दणकट. फळी वर टेकवून सरकवली की हाताला कंप जाणवत नाही, आणि कड अशी येते की दोन फळ्या जोडल्यावर मधून उजेड दिसत नाही. माझ्या शेडमध्ये ते आलं असतं तर मी बाहेर उभा राहिलो असतो, एवढंच.

दुसरा पर्याय युरोपी धर्तीच्या जोड मशीनचा. वर प्लेनर, खाली थिकनेसर, मोटर आणि पाती एकच. कागदावर जागा वाचते. एके ठिकाणी ते चालताना पाहिलं तेव्हा गोम कळली. प्लेनर म्हणून वापरताना भुशाचा हूड, म्हणजे भुसा गोळा करून पाइपात सोडणारं झाकण, पात्यांच्या खाली असतो. थिकनेसर करायचा तर वरची टेबलं उचलायची, हूड उलटून पात्यांवर आणायचा आणि पाइप काढून दुसऱ्या बाजूनं लावायचा. परत प्लेनरवर यायचं तर हूडला जागा करायला खालचं टेबल उतरवावं लागतं, म्हणजे लावलेली जाडी गेली. एका बैठकीत सगळ्या फळ्यांची तोंडं, मग सगळ्यांची जाडी, अशा शिस्तीनं काम करणाऱ्याला ते छान आहे. मी एक फळी घेतो, मध्येच दुसरी आठवते, अशा जातीचा माणूस.

शेवटी माझा निर्णय भुशाच्या बाजूनं झाला. आधी पाइप कुठे आणि कसा जाणार ते ठरवायचं, मग त्या पाइपला शोभेल ते मशीन घ्यायचं.

सागवानाची धूळ त्रासदायक असते. काहींच्या अंगाला त्यानं खाज सुटते, पुरळ येतं, माझं शिंकांवर भागतं. पण प्रश्न शिंकांपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत धरली आहे. मुख्यतः नाकाचा आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा. ब्रिटनमध्ये कारखान्यात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं हवेच्या घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे. हे वाचल्यावर घमेल्याचा मार्ग माझ्यापुरता बंद झाला.

घरात व्हॅक्यूम क्लीनर होता, तो लावून पाहा असं सगळे सांगत होते. त्याचा पाइप आतून ३६ मिलिमीटरचा. डस्ट कलेक्टरचा, म्हणजे पंख्यानं भुसा ओढून पिशवीत साठवणाऱ्या यंत्राचा, १००. व्यास तिपटीहून कमी वाढला तरी तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ आठपट होतं. रंधा मशीनमधून पीठ येत नाही, लांब कुरळे छिलके येतात आणि ते बारीक पाइपाच्या पहिल्याच वळणावर एकमेकांत गुंततात. शिवाय ते येतात किती! सहा फूट लांब, आठ इंच रुंद फळीचे पाच मिलिमीटर काढले तर घट्ट लाकूडच पावणेदोन लिटरच्या वर जातं, आणि मोकळे झालेले छिलके त्याच्या कितीतरी पट फुगतात. दोनतीन फळ्यांत घरचा व्हॅक्यूम भरणार. त्याची ताकद ओढण्यात आहे, इथे हवी वाहती हवा, भरपूर.

भरपूर म्हणजे किती, तर छिलके पाइपात खाली न बसता वाहून जायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. १०० मिलिमीटरच्या पाइपात त्याचा हिशेब तासाला सुमारे ५६५ घनमीटर, दुकानदाराच्या भाषेत ३३० सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या घनफुटांच्या, आसपास. माहितीपत्रकावर याच्या दुप्पट आकडा असतो म्हणून खूश होऊ नये. तो बहुतेक वेळा पाइप आणि पिशवी न लावता मोकळ्या तोंडाशी मोजलेला असतो. म्हणून मी दोन हॉर्सपॉवरचा, सिंगल फेजवर चालणारा पिशवीवाला कलेक्टर निवडला. मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्या वर पैसे त्यात गेले आणि घरात त्यावर चर्चा झाली.

मशीन म्हणून सुटा थिकनेसर घेतला, मकिटा कंपनीचा २०१२एनबी. रुंदी ३०४ मिलिमीटर, मोटर १६५० वॅट, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी उचलून टेबलाखाली सरकवता येतो. वर भुशाचा हूड बसवला की तो तिथेच राहतो, पाइप एकदा लावला की लावला. सरफेस प्लेनरचं काम प्लायच्या एका पाटावर भागवतो. वाकडी फळी पाटावर ठेवायची, जिथे पोकळ असेल तिथे पाचरी सारून ग्लू गननं चिकटवायच्या, म्हणजे रोलरनं दाबलं तरी फळी लवत नाही. वरचं तोंड सपाट झालं की पाट बाजूला ठेवून फळी उलटी घालायची. कडा मात्र मी हातरंध्यानंच करतो, तेवढी मजा राखून ठेवली आहे.

कलेक्टर शेडच्या मागच्या बोळात, छोट्या पत्र्याखाली ठेवला. भिंतीतून चार इंची पीव्हीसी पाइप, तोच जो सांडपाण्याला लावतात, आणि मशीनजवळ शेवटचे चार फूट तेवढे लवचीक होज. लवचीक होजच्या वळ्या हवेचा वेग खातात, त्यामुळे ते जितके कमी तितके बरे. पिशवीच्या विणीतून सुटणारी बारीक धूळ बाहेरच राहते, हा खरा फायदा. थंड देशांत लोक कलेक्टर आत ठेवून महागडे फिल्टर लावतात, कारण बाहेर टाकलेल्या हवेबरोबर खोलीची ऊब जाते. पुण्यात ती काळजी कशाला? फक्त समोरची खिडकी उघडी हवी. या हिशेबानं शेडमधली सगळी हवा चारेक मिनिटांत बदलते, ती आत येणार कुठून?

बोळ शेजारच्या गच्चीला लागून आहे. एप्रिल-मे महिन्यांत तिथे कुरडया-पापडांचं वाळवण असतं, तेव्हा सकाळी मशीन चालवत नाही. साध्या पिशवीऐवजी दाट फेल्टची पिशवीही त्याच कारणानं आली. पावसाळ्यात आतला भुसा दमट होऊन पिशवी कोंदते, म्हणून काम संपलं की ती लगेच रिकामी करायची.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. थिकनेसर सात-आठ अँपिअर, कलेक्टर नऊ-दहा, म्हणजे दोन्ही मिळून एका १६ अँपिअरच्या सॉकेटवर नकोत. दोघांना स्वतंत्र वायर टाकल्या. कलेक्टरची इंडक्शन मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट खेचते आणि बी प्रकारचा एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, तेवढ्यानं पडू शकतो. तिथे असा क्षणिक झटका सहन करणारा सी प्रकारचा बसवला.

वापरताना दोन गोष्टी पाळतो. जुन्या लाकडावर आधी मेटल डिटेक्टर फिरवतो, कारण वाड्याच्या तुळईत खिळा कुठे दडला असेल सांगता येत नाही. सागवानात मुळातच सिलिका असते, पाती त्यानंही लवकर बोथटतात. आणि रुंद फळीवर एका फेरीत एक मिलिमीटरहून जास्त काढत नाही. फळीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन इंच जरा खोल कापलं जातं, कारण तिथे एकाच रोलरची पकड असते. तेवढी लांबी आधीच जास्तीची धरतो.

आवाज मोठा आहे. कानाला मफ्स लागतातच, आणि दुपारी दोन ते चार मशीन बंद. पाइपाजवळ हात धरला तर ओढ जाणवते, काम झाल्यावर जमिनीवर मूठभर छिलके दिसतात. तरीही एन-९५ मास्क काढत नाही, सगळ्यात बारीक धूळ डोळ्यांना दिसतच नाही. लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या सॅंडरला मात्र हा मोठा पाइप लावलेला नाही. त्याची पिठासारखी धूळ बारीक तोंडातूनच ओढून घ्यावी लागते, आणि तिथे घरचा जुना व्हॅक्यूम अगदी पुरतो.