संध्याकाळचे सात

मुलगा तीन आठवड्यांचा झाला आणि रडणं सुरू झालं. रोज सातच्या सुमारास लागायचा तो साडेदहापर्यंत. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद. आईनं बेंबीभोवती हिंग लावला, आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बघायला येणारी प्रत्येक जण विचारायची, "दूध पुरतंय ना गं त्याला?" हे वाक्य मला अजून टोचतं.

बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं. ताप नाही, उलट्या नाहीत, वजन छान वाढतंय. कोलिक म्हणाले, म्हणजे ठणठणीत तान्ह्या बाळाचं रोजचं तासन्‌तास रडणं. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतं, मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. नेमकं कारण अजून कळलेलं नाही. बाळ ठणठणीत आहे म्हटल्यावर चौकशी तिथंच संपली. माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही.

सहाव्या आठवड्यात आई दोन दिवस गावी गेली होती, नवरा रात्रपाळीला. खांद्यावर घेऊन थोपटत होते. थोपटणं जोरात व्हायला लागलंय हे मला हाताला नाही, कानाला कळलं. अंगड्यावरचा तो आवाज! मी घाबरले. त्याला पाळण्यात उताणं ठेवलं, दार लोटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. दहा मिनिटं. आत तो रडत होता, बाहेर मी.

दीड महिन्याच्या लसीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, "बरोब्बर केलंत." तान्ह्या बाळाला संतापाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, पाळण्यात सुरक्षित ठेवलेलं बाळ दहा मिनिटं रडलं तर त्याला काही होत नाही.

मग त्यांनी एक कागद दिला. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचे. बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखण्यासाठी 1987 साली एडिंबरोत तयार झालेली ही प्रश्नावली. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. मी 'क्वचितच' वर खूण केली आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. अंगावर पाजताना चालेल अशी गोळी सुरू झाली. नवऱ्याशीही बोलल्या, तो किती खचलाय हे मला तेव्हा कळलं.

रात्रपाळी त्यानं बदलून घेतली. रात्री नऊ ते दोन मी झोपायचे, दुसऱ्या खोलीत. तो काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचा. आई पाहुण्यांना दारातूनच परत पाठवायची. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर, मराठीत बोलता येतं, फ्रीजवर लिहून ठेवला होता. दोनदा लावला.

चौथ्या महिन्यात रडणं ओसरलं. सात वाजताची माझी धडधड मात्र त्यानंतरही बरेच आठवडे राहिली, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत मी गोळी सोडली नाही.